विजयाची वाट पाहणारा कागद

जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली छापून आले. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांसाठी आहे. काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी जे औदार्य दाखवले आणि जी झीज सोसली, तिचा फुल्यांनी तिथे गौरव केला आहे. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी हा कित्ता गिरवावा, अशी इच्छाही तिथेच लिहून ठेवली आहे. अटलांटिकपलीकडच्या एका यादवीकडे पुण्यातला एक माणूस इतक्या आशेने पाहत होता, ही गोष्ट मला त्या पुस्तकातल्या कुठल्याही पानाइतकी मोलाची वाटते.

मात्र ती यादवी १८६१च्या एप्रिलमध्ये पेटली तेव्हा गुलामांना मुक्त करणे हा संघराज्याच्या बाजूने लढणाऱ्या उत्तरेचा हेतूच नव्हता. तो पुढे झाला, आणि केव्हा झाला याला एक ठरलेली तारीख आहे: २२ सप्टेंबर १८६२. त्याच्या पाच दिवस आधी, १७ सप्टेंबरला, मेरिलँड राज्यातल्या शार्प्सबर्ग नावाच्या लहानशा गावाबाहेर अँटिएटम ओढ्याच्या काठी एक लढाई झाली. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, एवढीच. त्या एका दिवसात सुमारे २३ हजार माणसे मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात रणांगणावर इतके रक्त त्याआधी सांडले नव्हते आणि त्यानंतरही सांडलेले नाही. त्या दिवशी कोणी किती जमीन जिंकली हे पाहायला गेलो तर हाती फारसे काही लागत नाही. या लढाईचा खरा परिणाम समजायचा तर आधी वॉशिंग्टनमध्ये बाजूला ठेवलेल्या एका कागदाकडे वळावे लागते.

यादवीच्या मुळाशी काय होते याबद्दल पुढे पुष्कळ सारवासारव झाली. दक्षिणेची राज्ये आपल्या हक्कांसाठी लढली, असे आजही सांगितले जाते. त्या काळच्या पुढाऱ्यांना मात्र असा आडपडदा लागत नव्हता. संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना शहरात जाहीर भाषण केले. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची स्वाभाविक अवस्था आहे, या तत्त्वावर आपले नवे सरकार उभे आहे, असे त्यांनी तिथे सांगितले. १८६०च्या शिरगणतीत गुलामांची संख्या ४० लाखांच्या घरात होती. त्यांच्या घामावर दक्षिणेचा कापूस पिकत होता आणि त्या कापसावर इंग्लंडच्या गिरण्या चालत होत्या.

अब्राहम लिंकन यांना गुलामीची मनापासून चीड होती. पण अध्यक्ष म्हणून त्यांनी लढाई मांडली ती संघराज्य अखंड ठेवण्यासाठी. याला कारण होते. डेलावेअर, मेरिलँड, केंटकी आणि मिसुरी ही चार राज्ये गुलाम बाळगत होती, तरी संघराज्यात राहिली होती. मुक्तीची भाषा काढली की ती दुरावणार. मेरिलँड गेले असते तर राजधानी वॉशिंग्टन शत्रूच्या मुलखात वेढली गेली असती.

हा पेच आधी सुटायला लागला तो गुलामांच्या पायांनी. मे १८६१मध्ये व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्यावर, जो उत्तरेच्या ताब्यात होता, तीन गुलाम रात्री होडीतून येऊन दाखल झाले. दक्षिणेच्या सैन्यासाठी त्यांना तोफांचे मोर्चे बांधायला जुंपले होते. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस त्यांना परत मागायला आला. पळालेला गुलाम मालकाच्या हवाली करावा असा अमेरिकेचा कायदाच होता. किल्ल्यावरचे सेनापती बेंजामिन बटलर पेशाने वकील. त्यांनी उत्तर दिले, व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते ना, मग आमच्या देशाचा कायदा तिला लागू नाही. आणि शत्रू जी मालमत्ता युद्धाला वापरतो ती जप्त करण्याचा मला अधिकार आहे. माणसाला मालमत्ता म्हणूनच धरायचे आणि त्याच आधारावर त्याला सोडवायचे, असा तो विचित्र युक्तिवाद होता. पण वार्ता पसरली. काही आठवड्यांत शेकडो माणसे, बायकामुलांसह, त्या किल्ल्याकडे चालत आली. पुढच्या वर्षभरात उत्तरेची फौज जिथे जिथे गेली तिथे हेच घडले. या लोकांचे काय करायचे, हा प्रश्न सरकारला टाळता येईना. मुक्तीचा जाहीरनामा लिंकन यांनी लिहिला हे खरे, पण तो लिहायला लावणाऱ्यांत या अनाम माणसांचा वाटा पहिला होता, असे माझे ठाम मत आहे.

२२ जुलै १८६२ रोजी लिंकन यांनी मंत्रिमंडळासमोर एक मसुदा वाचला. बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त करण्याचा तो मसुदा होता. परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड यांचा त्याला विरोध नव्हता, हरकत वेळेला होती. त्या उन्हाळ्यात उत्तरेची फौज मार खात होती. अशा वेळी हा कागद बाहेर काढला तर जग म्हणेल, हरणाऱ्या सरकारने शेवटचा टाहो फोडला. आधी एखादा विजय मिळू द्या, मग काढा. लिंकन यांना ते पटले. त्यांनी मसुदा बाजूला ठेवला.

विजय काही येईना. जूनअखेरीस रिचमंड या दक्षिणेच्या राजधानीच्या वेशीवरून उत्तरेची मोठी फौज मागे रेटली गेली होती. ऑगस्टच्या शेवटी बुल रनच्या मैदानावर, वॉशिंग्टनपासून जेमतेम दिवसभराच्या वाटेवर, तिचा दुसऱ्यांदा पराभव झाला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली पोटोमॅक नदी ओलांडून मेरिलँडमध्ये उतरले. व्हर्जिनियाची शेते दोन्ही फौजांच्या येण्याजाण्याने उजाड झाली होती. सुगीच्या दिवसांत तिथल्या शेतकऱ्याला उसंत द्यायची आणि आपल्या फौजेला शत्रूच्या मुलखात पोसायचे, हा एक हिशेब होता. नोव्हेंबरमध्ये उत्तरेत निवडणुका होत्या. तिथल्या मतदाराला युद्धाचा वीट आणायचा, हा दुसरा. आणि उत्तरेच्या भूमीवर एक दणदणीत विजय मिळवला तर इंग्लंड आणि फ्रान्स आपल्याला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता देतील, ही सगळ्यांत मोठी आशा.

ही आशा हवेतली नव्हती. इंग्लंडचे पंतप्रधान पामर्स्टन आणि परराष्ट्रमंत्री रसेल यांच्यात नेमक्या याच दिवसांत पत्रव्यवहार चालू होता. दोन्ही पक्षांत मध्यस्थी करावी आणि ती फेटाळली गेली तर दक्षिणेला मान्यता द्यावी, अशा अर्थाचे पत्र रसेल यांनी पामर्स्टनना लिहिले ते १७ सप्टेंबरला. शार्प्सबर्गच्या शेतांत त्या वेळी काय चालले आहे याचा त्यांना पत्ता असण्याचे कारण नव्हते. समुद्राखालची पहिली तार १८५८मध्येच निकामी झाली होती आणि अमेरिकेची बातमी बोटीनेच यायची.

लींच्या फौजेची अवस्था बिकट होती. कित्येकांच्या पायांत बूट नव्हते. वाटेतली हिरवी कणसे आणि कच्ची सफरचंदे खाऊन पोटे बिघडलेली. हजारो जण मागे रेंगाळले किंवा घरी निघून गेले. पश्चिम मेरिलँडमधल्या शेतकऱ्यांनी स्वागत करण्याऐवजी दारे लावून घेतली. तरीही लींनी फौजेचे भाग पाडले. मोठा भाग स्टोनवॉल जॅक्सन यांच्या हाताखाली उत्तरेच्या ताब्यातले हार्पर्स फेरी हे गाव घ्यायला पाठवला. उरलेला उत्तरेकडे वळवला. कोणी कुठे जायचे हे सांगणारा १९१ क्रमांकाचा हुकूम ९ सप्टेंबरला निघाला.

१३ सप्टेंबरला फ्रेडरिक गावाजवळ, जिथे आधी दक्षिणेचा तळ पडला होता, उत्तरेची एक पलटण विसाव्याला थांबली. इंडियानाच्या २७व्या पलटणीतला कॉर्पोरल बार्टन मिचेल याला गवतात एक लिफाफा सापडला. आत तीन चिरूट आणि हा हुकूम. काही तासांत तो कागद उत्तरेच्या फौजेचे सेनापती जनरल जॉर्ज मॅक्लेलन यांच्या हातात होता. शत्रूची फौज विखुरली आहे, मधून घुसलो तर एकेक तुकडी स्वतंत्रपणे चिरडता येईल, हे त्यांना लेखी कळले. युद्धाच्या इतिहासात सेनापतीला असे भाग्य क्वचितच लाभते. आणि मॅक्लेलन यांनी फौज हलवायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडू दिली.

मॅक्लेलन यांच्यावर टीका करणे सोपे आहे, म्हणून त्यांच्या बाजूचे आधी सांगायला हवे. पराभवाने खचलेली, विस्कळीत फौज त्यांनी पंधरवड्यात पुन्हा उभी केली होती. शिपायांचा त्यांच्यावर जीव होता. पण शत्रूची संख्या दुपटी-तिपटीने फुगवून पाहण्याची खोड त्यांना जडली होती. समोर लाखभर फौज आहे असे ते धरून चालत होते. प्रत्यक्षात लींकडे चाळीस हजारही नव्हते आणि मॅक्लेलन यांच्याकडे सुमारे ऐंशी हजार. शिवाय गुलामीला हात लावू नये असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी जुलैमध्येच लिंकन यांना पत्र लिहून कळवले होते.

१४ तारखेला साउथ माउंटनच्या खिंडींत लढून उत्तरेची फौज पुढे सरकली. १५ला हार्पर्स फेरी पडले आणि तिथल्या उत्तरेच्या सुमारे साडेबारा हजार सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. या शरणागतीचा एक भाग लढायांच्या वर्णनांत बहुधा गाळला जातो. तिथे आसऱ्याला आलेले पळालेले गुलाम दक्षिणेच्या फौजेने पकडले आणि परत नेले. शरण आलेल्या गोऱ्या शिपायांना शपथेवर सोडून दिले गेले. यांना तसे सोडणारे कोणी नव्हते. याच गावात तीन वर्षांपूर्वी जॉन ब्राउन यांनी गुलामांचे बंड उभारण्यासाठी शस्त्रागारावर छापा घातला होता, आणि त्यांना पकडणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते रॉबर्ट ली.

लींनी शार्प्सबर्गपाशी पाय रोवले तेव्हा त्यांच्याजवळ निम्मीही फौज नव्हती. पाठीशी पोटोमॅक, आणि ओलांडायला एकच सोयीचा उतार. मॅक्लेलन १५च्या दुपारी समोर आले आणि १६चा सबंध दिवस त्यांनी पाहणीत घालवला. तोवर जॅक्सन यांची बरीच फौज परत येऊन पोचली.

१७ सप्टेंबर, बुधवार. पहाटे उत्तरेच्या फौजेतले जनरल जोसेफ हूकर यांचे दल उत्तरेकडच्या झाडीतून निघाले. पुढे मिलर नावाच्या शेतकऱ्याचा सुमारे २४ एकर मका उभा होता, माणसाच्या डोक्याहून उंच. मक्यात दक्षिणेचे शिपाई दबा धरून होते. उगवत्या उन्हात त्यांच्या संगिनी पानांवरून चमकताना दिसल्या आणि तोफांनी त्या शेताचा वेध घेतला. हूकर यांनी नंतर अहवालात लिहिले की बहुतेक सगळा मका सुरीने कापल्यासारखा बुडातून गेला होता, आणि माणसे जशी रांगेत उभी होती तशीच रांगेत पडली होती. मग दक्षिणेच्या फौजेतल्या जॉन हूड यांचे टेक्सासचे शिपाई आले. कित्येक दिवसांनी त्यांच्या वाट्याला शिजवलेले अन्न येणार होते आणि नेमके त्याच वेळी त्यांना चुलीवरून उठवून पाठवले होते. टेक्सासच्या पहिल्या पलटणीतले २२६ जण मक्यात शिरले, त्यांतले १८६ मेले किंवा जखमी झाले. ते शेत सकाळभरात कितीदा या हातातून त्या हातात गेले याची मोजदाद करणे अवघड आहे.

हूकर यांचे लक्ष्य होते शेतापलीकडची एक पांढरी, बिनमनोऱ्याची छोटी इमारत. दुरून शाळा वाटावी अशी. ते डंकर पंथाचे चर्च होते. हा पंथ शस्त्र धरणे पाप मानतो. तीन दिवस आधी, रविवारी, तिथे प्रार्थना झाली होती. आता भिंतींना तोफगोळ्यांनी भगदाडे पडत होती. चर्चच्या मागच्या झाडीत उत्तरेच्या जनरल सेज्विक यांची डिव्हिजन शिरली आणि तीन बाजूंनी सापडली. अर्ध्या तासाच्या आत दोन हजारांवर माणसे पडली. मानेतून गोळी आरपार गेलेला एक तरुण कॅप्टन वाचला. तो ऑलिव्हर वेंडेल होम्स पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा नामवंत न्यायाधीश झाला.

सकाळ वर आली तशी लढाई दक्षिणेकडे सरकली. दोन शेतांच्या मधून एक गाडीवाट जात होती. वर्षानुवर्षे धान्याच्या गाड्या जाऊन आणि पावसाने झिजून ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल गेली होती, म्हणजे आयताच खंदक. दक्षिणेचे दोन-अडीच हजार शिपाई कुंपणाच्या दांड्या रचून तिच्यात बसले. उत्तरेच्या रांगा उतारावरून खुल्या रानात चालत आल्या आणि पहिल्याच फैरीत कोसळल्या. रांगेमागून रांग आली. न्यूयॉर्कच्या आयरिश लोकांची ब्रिगेड आली, तिचेही तेच झाले. तीनेक तासांनी उत्तरेच्या काही शिपायांना वाटेच्या टोकाशी एक उंचवटा मिळाला. तिथून त्या वाटेवर लांबीच्या दिशेने गोळ्या झाडता येत होत्या. त्यातच दक्षिणेच्या एका हुकुमाचा अर्थ चुकीचा घेतला गेला आणि फळी फुटली. ज्या खोलगटपणाने आडोसा दिला होता त्यानेच आता निसटायची सोय ठेवली नाही. वाटेत प्रेते एकावर एक पडली. त्या वाटेला तेव्हापासून ‘रक्ताची गल्ली’ म्हणतात.

त्या क्षणी लींच्या फळीचा मध्य उघडा पडला होता. तोफा डागायला माणसे पुरत नव्हती, म्हणून जनरल लॉंगस्ट्रीट यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी स्वतः तोफा भरल्या. मॅक्लेलन यांच्याजवळ दोन दले जवळपास अख्खी राखीव होती. ती त्यांनी सोडली नाहीत. समोर अजून मोठी फौज दडली असेल, तिने उलट हल्ला केला तर वॉशिंग्टनला वाचवणारे कोणी उरणार नाही, हे भय त्यांना सोडत नव्हते.

तिसरी झुंज ओढ्यावरच्या दगडी पुलापाशी. जनरल ॲम्ब्रोज बर्नसाइड यांच्या दलाला तो ओलांडायचा होता. पलीकडच्या कड्यावर जॉर्जियाचे पाचशेच्या आतबाहेर नेमबाज झाडांआड आणि दगडाच्या खाणीत बसले होते. अरुंद पुलावर एका वेळी मूठभरच माणसे येऊ शकत. तीन तास आणि अनेक हल्ले लागले. दुपारी एकच्या सुमारास पूल हाती आला. मग दारूगोळा मागवण्यात आणि फौज पलीकडे नेण्यात आणखी दोन तास गेले. तीनच्या सुमारास बर्नसाइड यांची माणसे शार्प्सबर्गच्या घरांपर्यंत पोचली. लींची परतीची वाट तुटायची वेळ आली. इतक्यात दक्षिणेकडून धूळ उठली. ए. पी. हिल यांची डिव्हिजन हार्पर्स फेरीहून १७ मैल, म्हणजे २७ किलोमीटर, झपाट्याने चालून आली होती. वाटेत कितीतरी जण थकून गळाले, पण जे उरले त्यांनी सरळ उत्तरेच्या उघड्या बगलेवर धडक दिली. काहींच्या अंगावर हार्पर्स फेरीत मिळालेले उत्तरेचेच निळे कपडे होते, त्यामुळे घोटाळा वाढला. बर्नसाइड मागे हटले. सूर्य मावळला तेव्हा लढाई संपली होती.

त्या दिवशी उत्तरेचे साडेबारा हजारांच्या आसपास आणि दक्षिणेचे दहा हजारांवर कामी आले किंवा जायबंदी झाले असल्याचा हिशेब पुढे लागला. साडेतीन हजारांहून अधिक जण जागीच मेले. जखमांनी नंतर मेलेले वेगळे. उत्तरेच्या फौजेचे वैद्यकीय प्रमुख जोनाथन लेटरमन यांनी त्या उन्हाळ्यातच जखमी उचलणाऱ्या गाड्यांची शिस्तबद्ध व्यवस्था उभी केली होती. तिची पहिली मोठी कसोटी इथे लागली आणि पुढच्या काळात लष्करी वैद्यकाने ती उचलली. क्लारा बार्टन मलमपट्टीचे सामान घेऊन प्रत्यक्ष गोळीबारात पोचल्या होत्या. एका जखमीला पाणी पाजताना गोळी त्यांच्या बाहीतून गेली आणि तो शिपाई त्यांच्या हातातच मेला. अमेरिकेच्या रेड क्रॉसची स्थापना १८८१ साली त्यांनीच केली.

दुसरा दिवस दोन्ही फौजा समोरासमोर बसून राहिल्या. लींची फौज थकून अर्धी झाली होती, तरी ते हलले नाहीत. मॅक्लेलन यांना ताजी कुमक मिळाली होती, तरी त्यांनी हल्ला केला नाही. १८च्या रात्री ली पोटोमॅक ओलांडून व्हर्जिनियात परतले. लिंकन यांना शत्रूची फौज संपवायची होती, मॅक्लेलन यांना ती हद्दीबाहेर गेली यातच समाधान होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लिंकन यांनी त्यांना सेनापतिपदावरून दूर केले.

रणनीतीच्या हिशेबाने ही लढाई अनिर्णित. पण ली परत गेले होते. लिंकन यांना हवा होता तसा विजय हा नव्हता. चालवून घेता येईल इतका होता. २२ सप्टेंबरला त्यांनी मंत्रिमंडळ बोलावले. बंडखोर फौज मेरिलँडमधून हाकलली गेली तर जाहीरनामा काढीन, असे वचन मी स्वतःला आणि परमेश्वराला दिले होते, असे त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले. दोन मंत्र्यांच्या दैनंदिनींत याची नोंद आहे. बाजूला ठेवलेला कागद बाहेर आला. १ जानेवारी १८६३ पर्यंत जी राज्ये बंडात राहतील, तिथले सगळे गुलाम त्या दिवसापासून कायमचे मुक्त.

इथे एक विचार मनातून जात नाही. मॅक्लेलन यांनी मे-जूनमध्येच रिचमंड घेतले असते तर युद्ध बहुधा तेव्हाच मिटले असते. दक्षिणेची राज्ये परतली असती आणि गुलामी बरोबर घेऊन परतली असती. रिचमंड वाचवले ते लींनी. गुलामीसाठी उभ्या राहिलेल्या राज्यांचा हा सर्वांत कर्तबगार सेनापती जिंकत गेला, युद्ध लांबत गेले, आणि त्या लांबण्यातच उत्तरेला कळून चुकले की गुलामीला धक्का न लावता हे युद्ध जिंकता येणार नाही. हजारो तरुणांच्या मृत्यूकडे बोट दाखवून त्याला चांगले म्हणण्याची माझी इच्छा नाही. पण लवकर झालेला तह चाळीस लाख माणसांसाठी शांतता ठरला नसता, हे विसरून त्या काळाकडे पाहता येत नाही.

लंडनला बातमी पोचली तेव्हा पामर्स्टन सावध झाले. ऑक्टोबरमध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी न्यूकॅसलच्या भाषणात दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी राष्ट्र घडवले आहे असे म्हणून खळबळ उडवली, पण नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने मध्यस्थीचा फ्रेंच प्रस्ताव बाजूला सारला. आणि १ जानेवारीनंतर प्रश्नच बदलला. ज्याने स्वतःच्या साम्राज्यातली गुलामी १८३३च्या कायद्याने मोडीत काढली होती, त्या सरकारला आता उघड उघड गुलाममालकांच्या बाजूने उभे राहणे जमण्यासारखे नव्हते.

इंग्लंड युद्धात उतरले नाही, म्हणून दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी टिकली आणि कापूस अडकून राहिला. लँकेशायरच्या गिरण्यांनी तोंड वळवले ते मुंबईकडे. वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, शहरात रोज नव्या कंपन्या निघाल्या, बॅक बेची जमीन भरण्याच्या कंपनीचे शेअर आभाळाला भिडले, प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघर झाले. १८६५मध्ये लींनी शस्त्रे ठेवल्याची बातमी आली आणि हा सगळा डोलारा कोसळला. मुंबईच्या जुन्या व्यापारी घराण्यांच्या आठवणींत ही यादवी भावाच्या चढउतारासारखीच उरली. फुल्यांनी तिच्यात माणसे पाहिली.

न्यूयॉर्कच्या लोकांना ती माणसे वेगळ्या तऱ्हेने दिसली. लढाईनंतर दोनच दिवसांत छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनर मैदानावर पोचले होते. प्रेते पुरायची बाकी होती. ऑक्टोबरमध्ये मॅथ्यू ब्रेडी यांच्या ब्रॉडवेवरच्या दालनात ती छायाचित्रे मांडली गेली. अमेरिकन रणांगणावरच्या मृतांची छायाचित्रे लोकांनी पाहण्याची ही पहिलीच वेळ. तोवर लढाई म्हणजे वर्तमानपत्रातली नावांची यादी होती. आता फुगलेले चेहरे, उलटे झालेले खिसे, कुंपणाकडेला पडलेले बूट नसलेले पाय समोर होते. दालनाच्या दारात माणसांची रीघ लागली.

जाहीरनाम्याच्या अंतिम मजकुरात एक तरतूद होती जिच्याकडे सुरुवातीला थोड्यांचे लक्ष गेले: काळ्या पुरुषांना सैन्यात घेतले जाईल. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले, त्यांतले बहुसंख्य स्वतः गुलामीतून आलेले. दक्षिणेला जे हात मोर्चे बांधायला हवे होते ते आता तिच्याविरुद्ध बंदुका धरून उभे होते.

लढाई ज्या मेरिलँडमध्ये झाली, तिथे मात्र हा जाहीरनामा लागूच नव्हता. ते बंडात सामील झालेले राज्य नव्हते, म्हणून शार्प्सबर्गच्या आसपासच्या मळ्यांवर गुलामी १८६३मध्येही चालू राहिली. १८६४च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या नव्या घटनेवर मतदान झाले. तिच्यात गुलामी रद्द करण्याचे कलम होते. राज्यात पडलेल्या मतांची मोजणी झाली तेव्हा विरोधी मते जास्त भरली. मग छावण्यांतून आलेली शिपायांची मते मोजली गेली, आणि जवळपास ६० हजार मतांत ३७५च्या आधिक्याने घटना संमत झाली. १ नोव्हेंबर १८६४ रोजी मेरिलँडमधले गुलाम मुक्त झाले. देशभर गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती लागू व्हायला त्यानंतर आणखी वर्षभर, म्हणजे डिसेंबर १८६५ पर्यंत, थांबावे लागले.